चार खाड्या, चार बोटी आणि एक वेळणेश्वर

महामार्गाने गेलं तर दुपारच्या जेवणाला पोचता येईल असा किनारा. तिथे आम्ही पोचलो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, तेही चार वेळा गाडी बोटीवर चढवून. वेडेपणा? असेल. पण पूल व्हायच्या आत हा वेडेपणा एकदा करून बघाच!

दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला आमच्या ऑफिस ग्रुपवर एक मेसेज पडतो : 'वीकएंड???' पुढचा संवाद पाठ झालाय. लोणावळा? ट्रॅफिक. अलिबाग? गर्दी. गोवा? महिनाअखेर आहे, बॉस. मग कुणीतरी मॉलमधल्या पिक्चरचा टाइम टाकतो आणि विषय संपतो.

या वेळी मात्र विषय संपला नाही. कारण टेस्टिंगवालीने नकाशाचा एक फोटो टाकला. मुंबईपासून खाली गुहागरपर्यंतचा किनारा, आणि त्याला जागोजागी दात पाडल्यासारख्या खाड्या. प्रत्येक खाडीवर एक बारीक तुटक रेघ. खाली तिने लिहिलं होतं, 'या रेघा म्हणजे बोटी आहेत. गाडीसकट जाता येतं. कोण येतंय?'

चौघं तयार झालो. टेस्टिंगवाली, अकाउंट्सवाला, डिझाइनवाला आणि मी. (नावं देत नाही. सोमवारी यातल्या दोघांनी सिक लीव्ह टाकली होती.)

अकाउंट्सवाल्याने लगेच हिशेब मांडला. मुंबईहून चिपळूणमार्गे वेळणेश्वर तीनेकशे किलोमीटर. पहाटे निघालो तर जेवायला तिथे. मग किनाऱ्याकिनाऱ्याने दोन दिवस घालवायचे कशासाठी? प्रश्न बिनतोड होता. उत्तर आमच्याकडे नव्हतं. 'चल ना यार', एवढंच होतं.

आता थोडा भूगोल, म्हणजे फंडा क्लिअर होईल. कोकणात सह्याद्री समुद्राच्या अगदी जवळ उभा आहे. नद्या लहान, पण मुखाशी भरतीचं पाणी थेट आत शिरतं, त्यामुळे खाड्या चांगल्या रुंद. म्हणूनच मुंबई-गोवा महामार्ग समुद्र सोडून आतून जातो. सावित्री महाडला ओलांडायची, वाशिष्ठी चिपळूणला. ज्यांना समुद्राचा हात सोडायचा नाही, त्यांनी खाडीच्या तोंडाशी यायचं, बोटीची वाट बघायची आणि पलीकडे जायचं. या सपाट बुडाच्या, गाड्या वाहणाऱ्या बोटींना इकडे सगळे जंगलजेटी म्हणतात. नावात जंगल का, हे विचारत बसू नका. रांगेत गाडी लावा!

बोट पहिली : भाऊचा धक्का ते मांडवा

शुक्रवारची सकाळ. ज्या वेळी आपण एरवी लोकलच्या दारात लटकत असतो, त्या वेळी आम्ही भाऊच्या धक्क्यावर गाडी रो-रोच्या पोटात घालत होतो. ही सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि लगेच लॉकडाऊनमुळे थांबली, मग त्याच वर्षी पुन्हा चालू झाली. रस्त्याने पेण-वडखळ करत मांडव्याला जायचं तर शंभराहून जास्त किलोमीटर. बोटीने साधारण तासभर. गाडी खाली, आपण वर, हातात चहा.

धक्क्याला नाव मिळालं ते लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांच्यावरून. एकोणिसाव्या शतकात त्यांनी हा धक्का बांधला. आपल्या आजी-आजोबांच्या पिढीतला निम्मा चाकरमानी याच धक्क्यावरून गावी गेलाय. तेव्हा बोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असं करत थेट गोव्यापर्यंत जायच्या. मोठी बोट किनाऱ्याला लागायची नाही, समुद्रातच थांबायची. मग ट्रंका, बोचकी आणि रडणारी पोरं घेऊन लोक लहान पडावात उतरायचे. ज्यांना बोट लागायची त्यांची अवस्था विचारायला नको. आणि हा प्रवास नेहमी सुखरूप होत होता असंही नाही. १७ जुलै १९४७ला याच धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. पुढे रस्ते सुधारले, एसटी गावोगाव गेली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली आणि बोटीने गावी जाणं फक्त घरच्या म्हाताऱ्यांच्या गप्पांत उरलं.

डिझाइनवाला वरच्या डेकवर फोटो काढत होता. त्याला मी हे सांगितल्यावर म्हणाला, 'माझी आजी सांगायची. बोट लागू नये म्हणून लिंबू हुंगायचे.' मग त्याने फोन खिशात ठेवला आणि बराच वेळ नुसता पाण्याकडे बघत राहिला.

बोट दुसरी : आगरदांडा ते दिघी

मांडवा, अलिबाग, रेवदंडा. कुंडलिकेवर पूल आहे, त्यामुळे इथे बोट नाही. पूल ओलांडला की समोर कोर्लईचा किल्ला. खालच्या गावात थांबलात तर कान उघडे ठेवा. पोर्तुगीज १७४० मध्ये इथून गेले, पण त्यांच्या भाषेतून तयार झालेली एक बोली मागे राहिली. गावातली ख्रिस्ती कुटुंबं ती आजही बोलतात आणि तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आपली भाषा'. पावणेतीनशे वर्षं उलटून गेली तरी!

काशीदला शुक्रवारीही गाड्यांची रांग होती. न थांबता पुढे. मुरूड, समोर पाण्यात जंजिरा, थोडं लांब पद्मदुर्ग, आणि मग आगरदांड्याची जेटी.

पहिली जंगलजेटी ही प्रत्येकाने अनुभवायची गोष्ट आहे. बोट उतरत्या धक्क्याला येऊन टेकते. पुढची लोखंडी फळी धाडकन खाली पडते. आधी माणसं, बाइक, टमटम, माशांच्या टोपल्या उतरतात. मग एक माणूस हाताने खुणा करत गाड्या आत घ्यायला लागतो. 'या, या, या, या... बस!' दोन गाड्यांत एवढंच अंतर की दार उघडलं तर बाजूच्याचा रंग जाणार. टेस्टिंगवाली स्टिअरिंगवर होती. ऑफिसात ती दुसऱ्यांच्या चुका शोधते. इथे एक माणूस तिला शिट्टी वाजवून सांगत होता की तुमचं पुढचं चाक वाकडं आहे. जाम मजा आली.

दिघीला उतरलो, दिवेआगरला जेवलो. दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीमार्गे जाणारा रस्ता या अख्ख्या प्रवासातला सर्वांत देखणा. उजवीकडे समुद्र इतका जवळ की गाडीच्या काचेवर खारट थर बसतो. पण डावीकडेही बघा. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात आदळलं. नारळी-पोफळीच्या वाड्या एका दुपारीत आडव्या झाल्या. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. म्हणजे ज्याची बाग गेली, त्याने तेव्हा लावलेली रोपं आता कुठे पीक द्यायला लागणार. आम्ही ज्यांच्याकडे जेवलो त्यांच्या परसात उंच जुनी झाडं मोजकीच होती, आणि मधे कमरेपासून डोक्याएवढी सगळी नवी. जेवण वाढणारे काका म्हणाले, 'खोल्या बांधल्या त्या वादळानंतर. बागेवर भागेना, मग पर्यटक लावले.' पर्यटक लावले! सुपारीसारखे. आम्ही चौघं ओळीने बसून भात खात होतो.

बोट तिसरी : बागमांडला ते वेसवी

हरिहरेश्वरला फोटोंत वेळ गेला आणि बागमांडल्याला पोचलो तेव्हा बोट नुकतीच सुटली होती. अगदी नुकतीच. मागच्या बाजूला उभा असलेला माणूस आमच्याकडे बघून हसला, इतकी.

अकाउंट्सवाल्याने हॉर्न दिला. बोटीला! त्या आवाजाने जेटीच्या कठड्यावर बसलेल्या एक मावशी वळल्या. मांडीशी पिशवी, डोक्यावरून पदर.

'घाई कसली, बाळा? गेली ती. आता येल दुसरी.'

'कधी येणार, मावशी?'

'तिकडं गाड्या भरल्या की येल.'

या वाक्यानंतर आमच्या लक्षात आलं की आता करायला काहीही नाही. रेंज एक काडी, तीही येऊन-जाऊन. टपरीवर चहा घेतला. खाडीच्या दोन्ही कडांना चिखल उघडा पडला होता आणि त्यावर बगळे. मावशींनी पिशवीतून चिंचा काढून टेस्टिंगवालीच्या हातावर ठेवल्या. त्या श्रीवर्धनला व्याह्यांकडे गेल्या होत्या, बाणकोटकडे परत चालल्या होत्या.

डिझाइनवाला सहज म्हणाला, पाणी किती कमी झालंय. तशा मावशी म्हणाल्या, 'आज एकादस ना. अकरा पाऊण सव्वाआठ. सव्वाआठला भरती. दोनच्या पुढं पुरी सुकती. आता चढंल परत.'

आम्ही चौघं बघतच राहिलो. मग त्यांनी समजावलं. तिथी घ्यायची, तिला पाऊणपट करायचं, ती भरतीची वेळ. सकाळी तीच, रात्री साधारण तीच. अष्टमी असली की आठ पाऊण सहा. चतुर्थी असली की चार पाऊण तीन. भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी. थोडं इकडेतिकडे होतं, पण होडी काढायला तेवढं पुरतं.

अकाउंट्सवाल्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा त्या दिवशी आनंद दिसला. पाऊणकीचा पाढा! आजोबांनी पाठ करून घेतलेला, आणि आयुष्यात कधी लागेल असं न वाटलेला. तो लगेच फोनवर तिथी शोधायला लागला. रेंज गेली. मग बोटांवर मोजायला लागला.

'किती छान आहे हे,' टेस्टिंगवाली म्हणाली. 'बोट, वाट बघणं, हे सगळं. पूल होणार म्हणतात ना इथे? नको व्हायला.'

मावशी हसल्या नाहीत. रागावल्याही नाहीत. म्हणाल्या, 'व्हायला पायजे, बाय.'

मग त्यांनी सांगितलं ते असं. सून श्रीवर्धनची, तिचा डॉक्टरही तिकडचाच. दिवस भरत आले होते, दोन दिवसांनी माहेरी न्यायची होती. त्या आधीच मध्यरात्री कळा सुरू झाल्या. समोर खाडी, पलीकडे दिवे दिसतायत, पण रात्रीची बोट नाही. शेजारच्याची जीप काढली आणि आंबेतच्या पुलावरून लांबचा वळसा घालायचं ठरलं. 'पलीकडचं गाव, हाक मारली तर ऐकू जाईल असं. आनि आमी रात्रभर फिरतोय.' श्रीवर्धन आलंच नाही. पोर पुलावरच झालं. जीपमध्ये, मावशींच्याच हातावर.

'मग?'

'मग काय. देवाची कृपा. घरात त्याला पुल्याच म्हनतात. यंदा धाव्वीला हाय.'

आम्ही हसलो, मग गप्प झालो. टेस्टिंगवालीच्या मुठीत चिंच तशीच होती.

तेवढ्यात बोट आली. फळी धाडकन खाली पडली. 'या, या, या... बस!'

वेसवी ते दाभोळ, आणि बोट चौथी

सावित्री ओलांडली की रायगड जिल्हा संपतो आणि रत्नागिरी सुरू होतो. मावशींना बाणकोटच्या अलीकडे सोडलं. वर हिंमतगड, इंग्रजांनी १७५६ मध्ये घेतला आणि त्याचं फोर्ट व्हिक्टोरिया केलं. पुढे वेळास. नाना फडणविसांचं हे मूळ गाव, पण हल्ली ओळख कासवांची. ऑलिव्ह रिडले जातीची कासवं इथे वाळूत अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन २००२ पासून ती राखायला सुरुवात केली. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान, नशीब असेल तर, तळहाताएवढी पिल्लं समुद्राकडे तुरुतुरु जाताना दिसतात. आम्ही उशिरा पोचलो, नुसता अंधार आणि गाज मिळाली.

मुक्काम आंजर्ल्याला. 'घरगुती राहण्याची व जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी, आत घावणे, सोलकढी, तळलेली सुरमई आणि 'अजून घ्या की!' सकाळी कड्यावरच्या गणपतीला गेलो. वरून हर्णै बंदर आणि पाण्यातला सुवर्णदुर्ग एका नजरेत दिसतो. हर्णैचा माशांचा लिलाव बघायचा असेल तर संध्याकाळी पोचायला हवं. बैलगाड्या थेट पाण्यात शिरतात, होडीतला माल त्यांत पडतो आणि वाळूवरच बोली सुरू होते. आम्ही सकाळी होतो. चुकलं. पुढच्या वेळी.

दाभोळ हे एके काळचं मोठं बंदर. बहमनी आणि आदिलशाही काळात इथून घोडे, कापड, मिरी आणि हज यात्रेकरू ये-जा करायचे. आज धक्क्याजवळची देखणी शाही मशीद तेवढी त्या श्रीमंतीची खूण सांगते. नव्वदच्या दशकातल्या बातम्यांमुळे दाभोळ म्हटलं की आपल्याला आठवतो एन्रॉन. गंमत म्हणजे तो 'दाभोळ' वीज प्रकल्प दाभोळात नाहीच! खाडीच्या पलीकडे, गुहागरच्या बाजूला अंजनवेलला आहे. कंपनी २००१ मध्ये बुडाली, प्रकल्प पुढे दुसऱ्या नावाने चालवला गेला.

इथली फेरीबोट २००३ पासून दाभोळ ते धोपावे जाते. ती नव्हती तेव्हा समोर दिसणाऱ्या गुहागर तालुक्यात गाडीने जायला पार चिपळूणला वळसा घालावा लागायचा. या वेळी रांगेत आम्ही पहिले होतो, अर्धा तास आधी. कुणी हॉर्न दिला नाही. अकाउंट्सवाला धक्क्यावर पाय सोडून बसला होता आणि एका शाळकरी मुलाला विचारत होता, 'आज द्वादशी. बारा पाऊण?' मुलगा म्हणाला, 'नऊ. पण काका, ॲपवर येतं की.'

आणि वेळणेश्वर

धोपाव्याहून गुहागर, पालशेत आणि मग एक उतार. वळणावर झाडीतून समुद्र दिसतो. नारळांची दाट रांग, मागे शंकराचं जुनं देऊळ, पुढे अर्धचंद्रासारखा वळलेला किनारा. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते. एरवी शुकशुकाट. बनाना राइड नाही, डीजे नाही. शनिवार संध्याकाळ असून पूर्ण किनाऱ्यावर आम्ही धरून पंधरा-वीस माणसं असतील.

'आता काय करायचं?' टेस्टिंगवालीने विचारलं.

कुणालाच सुचेना. एरवी अशा वेळी आपण फोन काढतो. इथे देवळाच्या पायरीवर एकाच ठरावीक जागी उभं राहिलं तर रेंज येते, असं यजमानांनी सांगितलं होतं. पण गंमत बघा, कुणी गेलं नाही. दोन दिवस बोटींची वाट बघून बघून बहुधा सवय झाली होती. महामार्गाने थेट इथे पोचलो असतो तर पहिली संध्याकाळ ऑफिसच्या वेगातच गेली असती. आमचा वेग रस्त्यातच गळाला होता. एक तुकडा मांडव्याला, एक दिघीला, बराचसा बागमांडल्याला. वेळणेश्वरला पोचलो तेव्हा आम्ही सुट्टीवर होतो. पहिल्याच मिनिटाला!

रविवारी सकाळी मात्र अकाउंट्सवाल्याने सगळ्यांना हलवून उठवलं. 'त्रयोदशी. तेरा पाऊण पावणेदहा. हेदवीला चला.' हेदवीला समुद्रकाठच्या काळ्या खडकात एक चिंचोळी घळ आहे, तिला बामणघळ म्हणतात. भरतीचं पाणी त्या फटीत घुसतं आणि कोंडलेली लाट एकदम उंच उसळते. ओहोटीला गेलात तर नुसती एक कोरडी भेग. पौर्णिमा जवळ आलेली, म्हणजे भरती मोठी. आम्ही साडेनऊला लांबच्या खडकावर बसलो. दहाच्या आसपास आतून तोफेसारखा आवाज झाला आणि पाण्याचा पांढरा खांब वर गेला. अकाउंट्सवाला असा ओरडला की जणू ते पाणी त्यानेच पाठवलं होतं. ऑडिट क्लिअर झालं तेव्हाही तो एवढा खूश नव्हता.

पूल येतोय

सोमवारी परत आलो ते चिपळूणमार्गे, महामार्गाने. संध्याकाळी घरी. हिशेबाने अगदी बरोबर.

रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना जुनी आहे. बॅरिस्टर अंतुले मुख्यमंत्री होते तेव्हापासूनची, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची. आता राज्य रस्ते विकास महामंडळाने ती पुन्हा हाती घेतली आहे. आगरदांडा, बाणकोट, दाभोळ, जयगड या खाड्यांवरचे पूल त्यात आहेत. ते झाले की किनाऱ्याने सरळ, न थांबता जाता येईल. आमच्या प्रवासातल्या चारपैकी तीन बोटींचं काम मग संपेल. शिट्टी वाजवणारा माणूस, जेटीवरचा चहावाला, त्यांचं काय होईल ते त्यांनाही माहीत नाही.

परतीच्या वाटेवर गाडीत यावर वाद झाला. डिझाइनवाला म्हणाला, पूल झाला की वेळणेश्वरचं काशीद होणार, लिहून घ्या. टेस्टिंगवाली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, 'आपण वर्षातून एकदा वाट बघतो, म्हणून आपल्याला छान वाटतं. त्या रोज बघतात.' यावर कुणाकडे उत्तर नव्हतं. वाट बघण्यातली मजा खरी होती. जीपमधली ती रात्रही खरीच होती. आणि पुल्याच्या धाकट्या बहिणीला उद्या मध्यरात्री दवाखाना लागला, तर आमच्या वीकएंडसाठी कुणी थांबायचं?

मावशींना सोडलं तेव्हा त्यांनी घरी यायचा खूप आग्रह केला होता. आम्ही म्हटलं, मावशी, अंधार पडतोय, पुढे जायचंय. तर म्हणाल्या, 'मग पूल झाल्यावर या. बोटीत लय वेळ गेला तुमचा. तवा निवांत येल तुमाला बसायला.'

आम्ही 'नक्की' म्हटलं. पूल झाल्यावर तिथे गाडी थांबवायची आठवण ठेवायला हवी.

जाणार असाल तर...

कधी? नोव्हेंबर ते मार्च बेस्ट. कासवांसाठी फेब्रुवारीनंतर. पावसाळ्यात गेटवेहून सुटणाऱ्या प्रवासी लाँच बंद असतात. रो-रो आणि खाडीतल्या फेऱ्या हवामान बघून सोडतात.

किती दिवस? कमीत कमी चार. दोन दिवस जायला, एक दिवस नुसतं बसायला, एक दिवस महामार्गाने परत. तीन दिवसच असतील तर दोनच बोटी निवडा. आगरदांडा ते दिघी आणि बागमांडला ते वेसवी करा, आणि मुक्काम आंजर्ल्याला.

गाडी नसेल तर? गेटवेहून लाँचने मांडवा, पुढे अलिबागपर्यंत बस. तिथून एसटी आणि रिक्षा. खाडीच्या बोटीत पायी माणसांना मज्जाव नाही, आणि तिकीट किरकोळ. वेळ मात्र दुप्पट धरा.

शेवटची फेरी : प्रत्येक जेटीची वेळ वेगळी आणि हंगामाप्रमाणे बदलते. आदल्या मुक्कामी यजमानांना विचारून निघा. दिवस असेपर्यंत खाडी ओलांडायची, हा नियम ठेवा.

जवळ काय हवं? सुट्टे पैसे आणि रोकड, कारण रेंज नसली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत. पेट्रोल अर्ध्यावर आलं की पहिल्या दिसेल त्या पंपावर भरा. जेवण दोन-तीन तास आधी सांगा. उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी.

पाण्यात उतरण्याआधी : तिथीला पाऊणपट करा! ओहोटीचं पाणी आत ओढतं. ओहोटी सुरू झाली की पोहायला जाऊ नका, गावकरी नको म्हणाले तर अजिबात नको. बामणघळीच्या कडेला उभं राहून सेल्फी काढू नका. लाट सांगून येत नाही.

अजून एक बोट हवी? हेदवीहून पुढे तवसाळला जा. तिथून जयगडला जंगलजेटी आहे, शास्त्री नदीच्या मुखावर. पलीकडे मालगुंड, केशवसुतांचं जन्मगाव, आणि मग गणपतीपुळे. आमची सुट्टी संपली होती. तुमची असेल तर बघा.